वाळलेल्या फांदीची साक्ष : हर्बेरियममध्ये नेमकं चालतं तरी काय?

लंडनच्या क्यू उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहात एका महाकाय कमळाचे वाळलेले तुकडे १८४५ सालापासून होते. बोलिव्हियातून आलेले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं जे प्रचंड पानांचं कमळ आधीच माहीत होतं, त्याचेच हे तुकडे असं धरून ते कपाटात ठेवले गेले आणि तिथेच राहिले. २००६ साली क्यूमधल्या कार्लोस मॅग्डालेना या उद्यानतज्ज्ञाला बोलिव्हियातल्या एका कमळाचा फोटो पाहून शंका आली, की हे काहीतरी वेगळंच आहे. पुढे बोलिव्हियातल्या बागांनी बिया पाठवल्या, आधी माहीत असलेली दोन आणि हे, अशी तिन्ही कमळं शेजारी शेजारी वाढवली गेली, डीएनए तपासला गेला, जुने नमुने पुन्हा बाहेर निघाले. २०२२ साली व्हिक्टोरिया बोलिव्हियाना हे नाव जाहीर झालं. पान तीन मीटरांहून रुंद. जगातलं सगळ्यात मोठं कमळ. आणि त्याचा पुरावा तब्बल १७७ वर्षं कपाटात होता.

बातम्यांमध्ये ‘नवी जाती सापडली’ असे मथळे आले. ज्यांच्या तळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या फुलत होतं त्यांना त्यात नवं काय, हा प्रश्न आहेच. पण मला त्या बातमीत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. १७७ वर्षं चुकीच्या नावाखाली राहूनही तो नमुना फुकट गेला नाही. नाव चुकलं होतं. वस्तू होती तशीच होती. हर्बेरियम म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर हा फरक धरून ठेवायला हवा.

हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या आणि माहितीची चिठ्ठी लावलेल्या वनस्पतींचा संग्रह. पुस्तकी मराठीत ‘शुष्क वनस्पतिसंग्रह’. शाळेत वहीत पानं चिकटवून आणायला सांगतात, त्याचाच हा थोरला, शिस्तीचा भाऊ. जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून सुमारे ४० कोटी नमुने आहेत. एकट्या पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ८० लाखांच्या घरात, क्यूमध्ये ७० लाखांच्या घरात. प्रत्येक नोंदणीकृत हर्बेरियमला एक छोटं अक्षरी चिन्ह असतं. क्यूचं ‘के’, पॅरिसचं ‘पी’. शोधनिबंधात नमुन्याच्या क्रमांकापुढे हे अक्षर दिसलं, की तो कागद जगात कुठल्या इमारतीत आहे ते कळतं.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरून घेऊ. मराठी विश्वकोशात आणि जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘स्पीशीज’ला जाती म्हणतात आणि ‘जीनस’ला प्रजाती. वर्तमानपत्रं मात्र सर्रास स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. या लेखात मी जुनीच पद्धत वापरतो आहे : प्रजाती मोठी, तिच्यात अनेक जाती, आणि अनेक प्रजातींचं मिळून एक कुल.

कागद आणि वजन

ही कल्पना सोळाव्या शतकातली. इटलीत बोलोन्या आणि पिसा इथे शिकवणारा लुका गिनी हा वैद्यकाचा आणि वनस्पतींचा अध्यापक. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं ओळखता आली पाहिजेत, पण हिवाळ्यात बागेत दाखवायला काही उरत नाही. त्याने झाडं कागदांत दाबून वाळवायला सुरुवात केली, असं मानलं जातं. ‘वाळकी बाग’ असंच लॅटिनमध्ये त्या संग्रहांना म्हणत. युक्ती इतकी साधी, की आधी कुणाला का सुचली नसेल असं वाटतं. बहुधा चांगला कागद मुबलक मिळेपर्यंत ती सुचून उपयोगही नव्हता.

पुढची दोनशे वर्षं हे नमुने जाड पुस्तकांत चिकटवून बांधले जायचे. हॅन्स स्लोन या वैद्य-संग्राहकाचा असा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे; २६५ खंड. देखणा, पण एक अडचण आहे. पुस्तक एकदा बांधलं की क्रम ठरला. उद्या लक्षात आलं, की बाराव्या पानावरचं झाड खरं तर चारशेव्या पानावरच्या झाडाचं भावंड आहे, तरी दोघांना शेजारी आणता येत नाही. अठराव्या शतकात कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने कागद सुटेच ठेवायचे ठरवले. एका कागदावर एकच जाती, आणि कागद कपाटात आडवे रचलेले. मत बदललं की कागद उचलायचा, दुसऱ्या कप्प्यात ठेवायचा.

लिनियसचं नाव प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दी नामकरणासाठी घेतलं जातं ते योग्यच, पण सुट्या कागदांचं त्याचं हे काम मला तितकंच मोलाचं वाटतं. मत बदलणं हा ज्या शास्त्राचा रोजचा धंदा आहे त्याला बांधलेलं पुस्तक सोयीचं नव्हतंच. लिनियसच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह त्याच्या पत्नीकडून जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाने १७८४ साली विकत घेतला. आज तो लंडनच्या लिनियन सोसायटीच्या तळघरातल्या सुरक्षित खोलीत आहे.

एक नमुना तयार होतो तेव्हा

समजा, एखाद्या डोंगरउतारावर कंबरेएवढं झुडूप आहे. संग्राहक आधी वहीत लिहितो, मग कात्री काढतो. निदान तसं करायला हवं. फुलांचा रंग, वास, फांदी मोडल्यावर चीक येतो का, आला तर पांढरा की पिवळा, झाडाची उंची, माती कसली, सावलीत की उन्हात, आजूबाजूला कोणती झाडं, स्थानिक लोक काय म्हणतात. हे सगळं लिहायचं कारण सरळ आहे : वाळल्यावर यातलं काहीच उरत नाही. जांभळं फूल तपकिरी होतं, वास उडून जातो, आणि वीत-दोन वीत फांदीवरून ते झाड वीस मीटर उंच होतं की गुडघ्याएवढं, हे कुणालाही सांगता येत नाही.

प्रत्येक संग्राहकाचा स्वतःचा क्रमांक असतो, आयुष्यभर चालणारा. पहिल्या नमुन्याला एक, आणि मरेपर्यंत पुढे. क्रमांक कधी पुन्हा वापरायचा नाही. एका झाडावरून एकाच वेळी चार-पाच फांद्या घेतल्या तर त्या सगळ्यांना तोच क्रमांक. त्या एकमेकींच्या प्रती. एक आपल्याकडे ठेवायची, बाकीच्या इतर संस्थांना पाठवायच्या. या प्रतींचा मुद्दा पुढे येईल, तेव्हा त्यांच्यामुळे काय काय वाचलं तेही दिसेल.

मग प्रेस. दोन लाकडी जाळीदार फळ्या, मध्ये वर्तमानपत्रं, टीपकागद, नालीदार पुठ्ठे, आणि बाहेरून आवळायला पट्टे. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची. पानांवर पानं येऊ द्यायची नाहीत. निदान एक पान उलटं ठेवायचं, म्हणजे खालची बाजू दिसेल, कारण लव, ग्रंथी, शिरांची ठेवण हे ओळखीचे धागे बहुतेक वेळा तिथेच असतात. फूल हवं, शक्य तर फळही. गवत लांब असेल तर एन या इंग्रजी अक्षरासारखं दुमडायचं. ताडाचं एकच पान अनेक कागदांवर तुकड्यांनी बसवावं लागतं, निवडुंग आतून कोरून काढावं लागतं, आणि शेवाळ दाबण्याऐवजी कागदी पाकिटात जातं.

ओले कागद रोज बदलायचे. यात कंटाळा चालत नाही. मी पहिल्यांदा नमुने दाबले तेव्हा पाऊस लागला होता आणि दोन दिवस कागद बदलायचे राहिले. तिसऱ्या दिवशी पट्टे सोडले तर आत काळपट, बुळबुळीत पानं आणि त्यांवर पांढऱ्या बुरशीचे गोल. वहीतली टिपणं सुंदर होती; झाड गेलं होतं. दमट जंगलांत महिनोन्‌महिने फिरणारे लोक म्हणून एक जुनी युक्ती वापरतात : वर्तमानपत्रांचा गठ्ठा अल्कोहोलने भिजवून प्लॅस्टिकमध्ये बंद करायचा आणि परतल्यावर वाळवायचा. नमुना टिकतो, पण काळा पडतो आणि डीएनएची नासाडी होते. त्यामुळे आता सोबत पानाचा एक तुकडा वेगळा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांत घालून आणतात.

वाळलेली फांदी संस्थेत आली की सरळ कपाटात जात नाही, आधी शीतपेटीत जाते. उणे २० अंश किंवा त्याहून खाली, काही दिवस. हर्बेरियमचा मोठा शत्रू म्हणजे तंबाखूच्या पानांवर जगणारा एक इवलासा भुंगेरा. त्याला वाळलेली फुलं फार आवडतात. एक संसर्ग झालेला गठ्ठा आत गेला तर कपाटंच्या कपाटं भुकटी होऊ शकतात. पूर्वी यावर उपाय म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढत किंवा आर्सेनिक वापरत. कीड लागायची नाही हे खरं, पण पाऱ्याचं विष कागदांत अजून आहे. म्हणून जुन्या संग्रहांत हातमोजे घालून काम करतात.

शेवटी चिकटवणं. साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरचा जाड, आम्लविरहित कागद. हे काम मी बराच वेळ शेजारी बसून पाहिलं आहे. फांदी कागदावर ठेवून आधी नुसती फिरवून पाहतात, कुठल्या कोनात ती कडेबाहेर जात नाही ते. पानांना मागून डिंकाचा हात, जाड देठ दोऱ्याने शिवलेले, टाक्याची गाठ मागच्या बाजूला आणि गाठीवर कागदाची पट्टी, म्हणजे खालच्या नमुन्याला ती घासणार नाही. गळून पडलेली फुलं, बिया, पानांचे कपटे टाकून द्यायचे नाहीत. ते कागदी पाकिटात घालून वरच्या कोपऱ्यात. उजवीकडे खाली लेबल. आणि लेबलच्या वर, डावीकडे, थोडी जागा मुद्दाम रिकामी. ती कशासाठी, ते लगेच सांगतो.

नाव कशाला टांगलेलं असतं?

नवी जाती जाहीर करताना शास्त्रज्ञ वर्णन लिहितो, चित्र देतो, नाव देतो. पण एवढ्याने बारसं होत नाही. जगातल्या कुठल्या तरी संग्रहातला एक नमुना दाखवून त्याला म्हणावं लागतं, ‘हे नाव याचं.’ हा टाइप नमुना. त्याला काही जण ‘आदर्श नमुना’ म्हणतात आणि तिथेच गैरसमज होतो. तो त्या जातीचा सर्वांत चांगला, सर्वांत सुबक किंवा सरासरी प्रतिनिधी असायची गरज नसते. अर्धवट खाल्लेल्या पानांची मरतुकडी फांदीसुद्धा टाइप असू शकते. ती खुंटी आहे. नाव तिला टांगलेलं आहे, एवढंच.

याचा उपयोग भांडणात होतो. उद्या कुणी म्हणालं, की तुम्ही ज्याला एक जाती म्हणता त्या खऱ्या दोन आहेत, तर जुनं नाव कुणाकडे जाणार? ज्या गटात टाइप नमुना बसतो त्याच्याकडे. दुसऱ्या गटाला नवं नाव. वर्णनाचे शब्द कसेही ताणता येतात, पण नमुना ताणता येत नाही. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १ जानेवारी १९५८ पासून टाइप दाखवल्याशिवाय नवं नाव ग्राह्य धरलं जात नाही, आणि १९९० पासून नव्या जातीचा टाइप नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे तेही लिहावं लागतं. याच संहितेने २०११ च्या अखेरपर्यंत नव्या वनस्पतींचं वर्णन लॅटिनमध्येच करायला लावलं होतं. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. टाइप नमुने बऱ्याच संग्रहांत लाल किंवा लाल किनारीच्या फोल्डरमध्ये वेगळे ठेवतात, म्हणजे आग लागली तर आधी काय उचलायचं ते कळावं.

खुंटी बदलली तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे बाभूळ. प्रजातीच्या नावालाही अशीच खुंटी असते. एक ठरलेली जाती. अकेशिया या प्रजातीनामाची ती जाती होती बाभूळच, अकेशिया निलोटिका. पुढे डीएनएवरून दिसलं, की अकेशिया म्हणून जे एकत्र कोंबलं होतं त्यात खरं तर अनेक वेगळे गट आहेत. नियमाने ‘अकेशिया’ हे नाव बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं. पण मग ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ हजार जातींची नावं बदलावी लागली असती. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत खुंटीच हलवली गेली : अकेशियाचा टाइप म्हणून एक ऑस्ट्रेलियन जाती ठरली. आफ्रिका आणि आशियातल्या लोकांनी आरडाओरडा केला, २०११ साली मेलबर्नमध्ये पुन्हा वाद झाला, निर्णय कायम राहिला. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका. ज्या झाडावरून ग्रीकांनी तो शब्द घेतला असं मानतात, त्यालाच तो सोडावा लागला. सोय म्हणून हा निर्णय समजतो. न्याय म्हणून मला तो अजून पटलेला नाही.

आता त्या रिकाम्या जागेकडे. एखाद्या तज्ज्ञाने नमुना पाहिला आणि लेबलवरचं नाव चूक वाटलं, तर तो ते खोडत नाही. एक छोटी चिठ्ठी लिहितो : आपल्या मते हे अमुक, खाली नाव, खाली वर्ष. ती चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीच्या वर लागते. आधीच्या कुठल्याच चिठ्ठ्या काढायच्या नाहीत, चुकीच्यासुद्धा. काही कागदांवर चार-पाच चिठ्ठ्यांची उतरंड असते. १८८० चं एक मत, १९२० चं दुसरं, १९७० मध्ये तिसऱ्याने पहिल्याच मताकडे परत नेलेलं. शंभर वर्षांचा वाद, एका वितीत.

चुका किती असतात, हे मोजलंही गेलं आहे. आल्याच्या कुलातल्या ॲफ्रामोमम या आफ्रिकी प्रजातीचा जगभरातल्या संग्रहांतून कसून अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की त्या अभ्यासाआधी निदान ५८ टक्के नमुन्यांवर चुकीचं नाव होतं. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा बरेच जण हादरले. हर्बेरियममध्ये काम करणारे फारसे हादरले नसावेत. नमुने दरवर्षी येत राहतात आणि एखाद्या प्रजातीची खडान्‌खडा माहिती असलेले लोक जगात कधी कधी दोन-तीनच असतात. दुसरा एक अभ्यास २०१० चा : फुलझाडांची जी नवी नावं जाहीर होतात, त्यांतल्या फक्त १६ टक्के जातींचे नमुने गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत ओळखले गेले होते, सुमारे पाव हिस्सा नमुने ५० वर्षांहून जुने होते. त्याच अभ्यासाचा अंदाज, की अजून नाव न मिळालेल्या सुमारे ७० हजार फुलझाडांपैकी निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या कपाटात आधीच येऊन बसलेली आहेत. कमळाची गोष्ट अपवाद नव्हती.

न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं

१८४५ साली युरोपात बटाट्याची पानं काळी पडायला लागली. आयर्लंडमध्ये त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कुणीतरी ती सडकी पानं वाळवून संग्रहात ठेवली होती. रोग कशाने होतो यावरच तेव्हा एकमत नव्हतं. हवामानामुळे, असं म्हणणारे बरेच होते. २०१३ साली क्यू आणि म्युनिकच्या संग्रहांतल्या अशा पानांमधून त्या रोगजंतूचा डीएनए काढून वाचला गेला. आधीचा समज होता, की विसाव्या शतकात जगभर दिसणारा वाणच तेव्हाही असावा. निघाला वेगळाच, आधी माहीत नसलेला. त्याला नाव मिळालं ‘हर्ब-१’, हर्बेरियमवरूनच. पानं जपणाऱ्याला डीएनए हा शब्दही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

तसंच पानांच्या रंध्रांचं. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्या सूक्ष्म छिद्रांतून घेतं ती पर्णरंध्रं. हवेत हा वायू जास्त असेल तर कमी छिद्रांत भागतं. केंब्रिजच्या इयान वुडवर्डने समशीतोष्ण प्रदेशातल्या काही झाडांची दोनशे वर्षांतली संग्रहातली पानं घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रं मोजली. १९८७ साली त्याने मांडलं, की त्यांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटली आहे. कारखान्यांची धुराडी वाढत गेली तसतशी झाडं आपली दारं कमी करत गेली, आणि त्याची नोंद कुणी न ठेवताही कपाटांत राहिली.

बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातला प्रयोग मला त्याच्या साधेपणासाठी आवडतो. तिथल्या जिवंत झाडांवरून पूर्वी घेतलेल्या फुललेल्या फांद्या संग्रहात होत्या, प्रत्येकीवर तारीख. तीच झाडं आता कधी फुलतात ते पाहायचं आणि तारखा जुळवायच्या. १९०० ते १९२० च्या मानाने १९८० नंतरच्या दोन दशकांत झाडं सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. लेबलवरची तारीख लिहिणारा कदाचित नियम म्हणून लिहीत होता. नियम पाळणाऱ्यांचे उपकार असे कधी कधी शंभर वर्षांनी कळतात.

आणि जी झाडं आता नाहीतच? मेक्सिकोच्या ग्वाडालूप बेटावर १८७५ साली एडवर्ड पामर या संग्राहकाने एका झाडाची फांदी घेतली. बेटावर सोडलेल्या बकऱ्यांनी तिथलं हिरवं सगळं फस्त केलं. ते झाड पुन्हा कुणाला दिसलं नाही. हेस्पेरेलिया पामेरी. त्या वाळक्या फांदीतून काढलेल्या डीएनएवरून ऑलिव्हच्या कुलात त्याची जागा आता निश्चित झाली आहे. सपुष्प वनस्पतींच्या साडेनऊ हजार जातींचा जो मोठा वंशवृक्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे नष्ट झालेलं झाडही आहे.

अर्थात प्रत्येक वेळी पानाचा तुकडा तोडावा लागतो. तुकडा तोडला की नमुना तेवढा कमी झाला. म्हणून संस्था आधी अर्ज मागतात : कशासाठी, किती, दुसऱ्या प्रतीतून घेता येईल का? शक्यतो पाकिटातले सुटे कपटे देतात. टाइप नमुन्याला हात लावू देत नाहीत, दिला तर नाइलाजाने.

पण कागदांवरचा हा पुरावा एकांगी असतो, हेही सांगायला हवं. संग्राहक रस्त्याच्या कडेने, सुट्टीत, झाड फुललेलं असताना, पोचायला सोप्या जागी गोळा करतो. काटेरी, अवजड, चिखलातलं, न फुललेलं टाळतो. नकाशावर नमुन्यांचे ठिपके टाकले तर पुष्कळदा रस्त्यांचाच नकाशा उमटतो. आणखी एक एकांगीपणा साम्राज्यांच्या काळातला. उष्ण प्रदेशांतली झाडं, त्यांची नावं सांगणारे स्थानिक लोक तिथलेच. नमुने मात्र गेले युरोपच्या राजधान्यांत. आपल्याच डोंगरावरच्या झाडाचा टाइप पाहायला माणसाला समुद्र ओलांडावा लागे. आता लाखो टाइप नमुन्यांची मोठ्या आकारातली छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे हा भार हलका झाला आहे, नाहीसा नाही. छायाचित्रात पान उलटून बघता येत नाही आणि त्यातून डीएनएही निघत नाही.

जळतं, भिजतं, हरवतं

मार्च १९४३ मध्ये बर्लिनवर बॉम्ब पडले आणि तिथल्या हर्बेरियमच्या सुमारे ४० लाख नमुन्यांपैकी बहुतेक एका रात्रीत जळाले. त्यात असंख्य टाइप होते. त्यांतल्या कित्येकांचं रूप आज माहीत आहे ते शिकागोच्या फील्ड म्युझियममुळे : त्यांच्या जे. फ्रान्सिस मॅकब्राइडने १९२९ पासून युरोपातल्या संग्रहांत बसून टाइप नमुन्यांचे हजारो फोटो काढून ठेवले होते. १९४५ साली मनिलाचं हर्बेरियम युद्धात नष्ट झालं, पण तिथल्या एल्मर मेरिलने आधीची कित्येक वर्षं जगभर प्रती पाठवल्या होत्या. संग्रह उभा करायला त्याच उपयोगी पडल्या. एकाच क्रमांकाच्या चार-पाच फांद्या घेण्याचं कारण हे.

१९४० साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमवर बॉम्ब पडला तेव्हा आग विझवणाऱ्यांच्या पाण्याने एक गंमत झाली. चीनमधून १७९३ साली आणलेल्या शिरीषाच्या एका जातभाईच्या वाळक्या बिया भिजल्या आणि रुजल्या. दीडशे वर्षं कागदात झोपून.

युद्धाची गरज लागतेच असंही नाही. २०१७ साली पॅरिसहून ऑस्ट्रेलियाला अभ्यासासाठी पाठवलेले १०५ जुने नमुने तिथल्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी जाळून टाकले, कारण सोबतची कागदपत्रं नियमाप्रमाणे नव्हती. त्यात टाइपही होते. नमुने उसने देणं-घेणं हा या संस्थांमधला रोजचा व्यवहार आहे, पुस्तकालयासारखा. अशा एका घटनेनंतर पुढची पेटी पाठवताना हात आखडतो.

वनस्पती संशोधन संस्थेचं बाकीचं काम या कपाटांभोवती फिरतं. एखाद्या प्रदेशातल्या सगळ्या झाडांची वर्णनासहित नोंद तयार करायची, तर आधार नमुन्यांचाच. पूर्व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशाची अशी नोंद १९५२ ते २०१२ अशी ६० वर्षं भागाभागाने छापली जात होती आणि तिच्यात १२ हजारांहून जास्त जाती आहेत. सुरू करणाऱ्यांपैकी शेवट पाहायला कितीसे उरले असतील! शिवाय रोजची टपालं : कस्टममध्ये पकडलेली सालं कोणत्या झाडाची, मुलाने खाल्लेलं फळ विषारी आहे का, शेतात आलेलं नवं तण कुठलं आणि पहिल्यांदा कधी दिसलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा जुन्या लेबलवरची सगळ्यात आधीची तारीख शोधूनच मिळतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आपलं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं; सुमारे सव्वाआठ लाख नमुने, दुसऱ्या संस्थांनी न्यावेत म्हणून. जगभरातून निषेधाची पत्रं गेली. विद्यापीठांचा हिशेब साधा असतो : जागा मोठी, खर्च कायमचा, आणि यावर्षी काय मिळालं ते दाखवता येत नाही. पुढच्या शतकात काय मिळेल ते तर आजच्या ताळेबंदात लिहिताच येत नाही.

यातलं थोडं स्वतः पाहायचं असेल तर जीबीआयएफ या खुल्या संकेतस्थळावर एखाद्या ओळखीच्या झाडाचं शास्त्रीय नाव टाका आणि फक्त ‘जतन केलेले नमुने’ निवडा. बऱ्याच नोंदींसोबत कागदाचं छायाचित्र उघडतं. झाड आधी पाहिलं जातंच, पण मग लेबल मोठं करून वाचा : कुणी, कुठे, कोणत्या महिन्यात. हस्ताक्षर लागेपर्यंत थोडा वेळ जातो. त्यानंतर लेबलच्या वरच्या चिठ्ठ्या, खालून वर. आणि सगळ्यात वरच्या चिठ्ठीच्या वर, पुढच्या माणसासाठी किती जागा शिल्लक आहे तेही बघा.